जाळ विझवू नका, नीट पेटता ठेवा

मागच्या आठवड्यात दवाखाना आवरायच्या वेळेला आठ-दहा मंडळी एकदम आत आली. आजारी कोणीच दिसत नव्हते. सर्वांत पुढे माझे जुने रुग्ण आबा होते आणि त्यांच्या हातात तहसीलदारांना द्यायचे निवेदन होते. "डॉक्टरसाहेब, पहिली सही तुमची पाहिजे," ते म्हणाले.

निवेदनातील मागणी एका ओळीची होती. गावाशेजारच्या आसवनीत उंच नळीच्या टोकावर रात्रंदिवस पेटणारा जाळ तातडीने बंद करण्यात यावा. कारणे चार दिली होती. उजेडाने झोप लागत नाही, जनावरे बुजतात, पोरांचा खोकला हटत नाही, आणि चौथे कारण म्हणजे कुरकुंभसारखे काही झाले तर कोण जबाबदार?

या चौथ्या कारणाला हसण्याचे काही कारण नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्याला रात्री लागलेली आग दौंड तालुका विसरलेला नाही. लेकरे कडेवर घेऊन माणसे अंधारात घराबाहेर पडली होती. ज्याने ती रात्र पाहिली, त्याला कारखान्यावरचा कोणताही जाळ पाहून धडकी भरणारच.

तरीही मी निवेदन दोनदा वाचले आणि सही न करता परत दिले. मंडळी गप्प झाली. आबा मात्र बोलले, "डॉक्टर, तुम्ही बी त्यांच्यातलेच झालात का?" पंचवीस वर्षे ज्यांच्या घरची नाडी पाहिली, त्यांनी असे विचारावे, हे लागले. म्हणून आजचा हा लेख. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने आहेत, आसवन्या आहेत, कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहती आहेत. हा प्रश्न आज आबांच्या गावाचा असला, तरी उद्या तुमच्या गावाचा असू शकतो.

एक जुनी सही

आधी माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका निवेदनावर मी डोळे झाकून सही केली होती. कारखाना दुसरा होता, त्याचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. निवेदन गेले, मोर्चा झाला आणि चार दिवसांत जाळ बंद झाला. गावाने गुलाल उधळला. मीही खूश होतो.

पुढच्याच आठवड्यात पहाटे पहाटे सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला. थंडीचे दिवस होते आणि वारा पडलेला असे. दवाखान्यात डोकेदुखी, डोळ्यांची आग, मळमळ आणि घशाची खवखव यांची रीघ लागली. ओढ्याकाठी उसाला पाणी द्यायला गेलेला एक सालगडी बांधावरच चक्कर येऊन पडला. सोबत्याने त्याला वरच्या अंगाला ओढून आणले म्हणून तो वाचला. मी त्याला तपासत होतो आणि माझी सही मला आठवत होती. आम्ही जाळ बंद केला होता, पण गॅस बंद झालाच नव्हता. आधी तो जळत होता, आता तसाच सुटत होता.

गॅस येतो कोठून?

हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे तांबडे-काळे सांडपाणी उरते, त्याला स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तो तसाच ओढ्याला सोडला तर मासे मरतात आणि विहिरी नासतात. म्हणून अनेक ठिकाणी तो बंद टाक्यांत ठेवून जिवाणूंकडून कुजवतात. आपल्या परसातल्या गोबरगॅसचाच हा थोरला भाऊ. हल्ली काही आसवन्या स्पेंटवॉश घट्ट करून थेट बॉयलरमध्ये जाळतात, पण जेथे टाक्या आहेत तेथे गॅस आहे.

या गॅसमध्ये निम्म्याहून अधिक मिथेन असतो, म्हणजे जळणारा भाग. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. आणि सोबत एक ते काही टक्के हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास याचाच.

हा गॅस वाया न घालवता बॉयलरमध्ये जाळावा, हे उत्तम. पण बॉयलर कधी दुरुस्तीला निघतो, कधी वाफ नको असते. जिवाणूंना मात्र ना दिवाळीची सुट्टी, ना दुरुस्तीची. टाकीत गॅस तयार होतच राहतो. तो कोंडला तर टाकी फुटेल, मोकळा सोडला तर गाव गुदमरेल. म्हणून जास्तीचा गॅस उंच नळीने वर नेऊन जाळतात. तेल शुद्धीकरण कारखान्यांवर दिसतो तो जाळही याच जातीचा. इंजिनिअर त्याला फ्लेअर म्हणतात. आपल्या प्रेशर कुकरला जसा सुरक्षा झडप असतो, तसेच त्याचे काम.

स्कूटरचा चोक आणि काडीपेटी

गॅस म्हटला की तो कधीही पेटणार, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पूर्वीच्या स्कूटरी आठवा. थंडीत चोक ओढल्याशिवाय सुरू होत नसत, कारण हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडे. चोक जास्त वेळ ओढून ठेवला तर गाडी 'ओव्हर' होई, कारण पेट्रोल जास्त आणि हवा कमी. मधल्या प्रमाणातच ठिणगी लागू पडे. प्रत्येक ज्वलनशील वायूला अशी खालची आणि वरची मर्यादा असते. मिथेन हवेत सुमारे ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत असेल तरच पेटतो. घरच्या सिलिंडरचा गॅस सुमारे २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड सुमारे ४ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत.

म्हणजे गॅसने गच्च भरलेली टाकी ठिणगीने पेटत नाही, कारण आत हवा नसते. खरा धोका गॅस आणि हवा नको त्या ठिकाणी, नको त्या प्रमाणात मिसळण्याचा असतो. टाकी उघडताना, नळी गळताना किंवा गॅस बाहेर येऊन साचताना हे प्रमाण जुळून येते. मग विडीची ठिणगी, मोटारीचा स्टार्टर किंवा दिव्याचे बटण पुरते.

आपल्या आई-आजींना हे पुस्तक न वाचता माहीत होते. शेगडी पेटवताना आधी काडी ओढायची, मग चावी फिरवायची, असे त्या सुनांना बजावत. चावी आधी फिरवून काडी शोधत बसले तर भडका उडतो. फ्लेअरच्या तोंडाशी म्हणूनच एक छोटी ज्योत सतत तेवत ठेवतात. देवघरातील नंदादीपच म्हणा. गॅस कधीही येवो, कमी येवो की जास्त, तो तोंडाशीच पेटला पाहिजे. जाळ उलटा नळीतून टाकीकडे शिरू नये म्हणून वाटेत पाण्याची अडवणूक असते. आपल्या संडासाच्या भांड्याखाली वाकड्या नळीत पाणी राहते आणि वास वर येत नाही, तशीच ही युक्ती. शिवाय धातूच्या बारीक जाळ्यांचा अडसरही असतो. ज्योत बारीक जाळीतून पलीकडे जात नाही, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली खाणीतल्या दिव्यासाठी वापरून दाखवले. दोनशे वर्षांनंतरही तेच तत्त्व उपयोगी पडते आहे.

कुरकुंभची आग आणि फ्लेअरचा जाळ यांत फरक आहे तो इथे. पहिला जाळ कोणाला नको असताना, नको त्या जागी लागला. दुसरा ठरवून, ठरल्या जागी लावलेला असतो. दिसायला दोन्ही जाळच.

शरीराचे काय होते?

आता माझ्या विषयाकडे येतो. हायड्रोजन सल्फाइड हा मोठा कपटी वायू आहे. हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसेल, तरी नाकाला वास येतो. पण तोच १०० भागांवर गेला की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, गेला वाटतं वास. तेवढ्यात त्याचा घात होतो. ५०० भागांच्या पुढे माणूस कोसळतो आणि १,००० च्या आसपास एक-दोन श्वासांतच सगळे संपू शकते. स्पेंटवॉशच्या गॅसमध्ये तो एक टक्का धरला, तरी ते दहा लाखांत दहा हजार भाग होतात. हे आकडे मी पुन्हा पुन्हा का सांगतो, ते यावरून कळेल.

जळाल्यावर याच वायूचा सल्फर डायऑक्साइड होतो. येथे मी कारखान्याची वकिली करणार नाही. जाळण्याने विषाचे अमृत होत नाही. एक किलो हायड्रोजन सल्फाइड जळला की सुमारे १.९ किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. त्याने घसा खवखवतो, खोकला येतो, आणि दमेकऱ्यांना थोड्या प्रमाणातही धाप लागते. आबांच्या नातवाचा खोकला खोटा नाही. परंतु जाळाबरोबर तापलेली हवा उंच उठते आणि पसरते. न जळलेला गार गॅस हिवाळ्याच्या पहाटे, वारा पडलेला असताना, खालीच रेंगाळतो आणि ओढ्यात, खळग्यात साचतो. दोन वाइटांतले कमी वाइट कोणते, हे सालगड्याने मला शिकवले.

खोकल्यावरचा उपाय जाळ विझवण्यात नसून गॅस जाळण्याआधी धुण्यात आहे. लोहाच्या द्रावणातून किंवा गंधक खाणाऱ्या जिवाणूंच्या मनोऱ्यातून गॅस नेला की त्यातील बराचसा गंधक आधीच निघून जातो. ही साधने आज सहज मिळतात. पैसे लागतात, एवढेच.

धूर बोलतो

जाळ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो कसा आहे, हे पाहावे. चुलीत ओले सरपण घातले की घरभर धूर होतो आणि आईचे डोळे लाल होतात. वाळके लाकूड खडखडीत जळते. पुरे जळण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेशी उष्णता, पुरेसा वेळ आणि हवेशी नीट मिसळण. यांपैकी एक कमी पडली की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि अर्धवट जळलेली विषे बाहेर पडतात.

आपल्याच शिरूर तालुक्यात रांजणगावला घातक औद्योगिक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामाईक सुविधा आहे. अशा कचऱ्याच्या भट्टीसाठी देशात नियम आहे की दुसऱ्या कक्षात तापमान किमान १,१०० अंश सेल्सिअस असावे आणि वायू तेथे किमान दोन सेकंद थांबावा. दोन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण तेवढा वेळ आणि तेवढी धग मिळाली नाही, तर क्लोरीनयुक्त कचऱ्यातून डायॉक्सिनसारखी कर्करोगकारक द्रव्ये सुटतात. आणि आपण काय करतो? बाजारतळावर, उकिरड्यावर प्लॅस्टिक, रबर, पाचट सगळे एकत्र पेटवून देतो. तेथे ना धग पुरेशी, ना वेळ, ना हवा. कारखान्याला नियम विचारताना आपल्या दारातला हा धूरही आपण विसरू नये.

भोपाळची थंड मशाल

जाळ नसण्याची सर्वांत मोठी शिक्षा या देशाने भोपाळला भोगली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. ज्या टाकीतून तो निघाला, तिच्यात सुमारे ४० टन साठा होता. त्या कारखान्यातही सुटलेला वायू जाळण्यासाठी फ्लेअर होता. पण त्याच्याकडे जाणाऱ्या नळीचा गंजलेला तुकडा काढून ठेवलेला होता आणि नवा बसवलेला नव्हता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणाही बंद होती. तो फ्लेअर चालू असता तरी एवढ्या प्रचंड वायूला पुरा पडला असता असे नाही, तो तेवढ्यासाठी बांधलेलाच नव्हता. पण संकटाच्या रात्री ज्या साधनांवर भिस्त ठेवायची, ती एकामागून एक बंद असावीत, ही गोष्ट चाळीस वर्षांनंतरही मन सुन्न करते.

आणि हे फक्त आपल्याच देशात घडते असे समजू नका. अमेरिकेतील तेलक्षेत्रांवर विमानातून मोजमाप करून २०२२ साली शास्त्रज्ञांनी दाखवले, की फ्लेअर ९८ टक्के मिथेन जाळतात असे धरले जात होते, प्रत्यक्षात सुमारे ९१ टक्केच जळत होता. कारणे दोन. काही फ्लेअर नीट जळत नव्हते आणि काही चक्क विझलेले होते. विझलेल्या फ्लेअरकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण तो डोळ्यांत भरत नाही. मिथेन तसाच सुटला तर तो वजनाला वजन धरून शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट धरणीला तापवतो, हे वेगळेच.

मग मागायचे काय?

माझे स्पष्ट मत असे आहे, की गावांनी 'जाळ बंद करा' ही मागणी सोडून द्यावी आणि तिच्या जागी पुढील मागण्या धराव्यात. गॅस आधी धुवावा, मग जाळावा. शक्य तेवढा गॅस बॉयलरमध्ये कामाला लावावा, फ्लेअर केवळ आणीबाणीसाठी ठेवावा. तोंडाशी तेवणारी ज्योत कधीही विझू नये, आणि विझली तर भोंगा वाजून ती आपोआप पुन्हा पेटावी, अशी सोय असावी. फ्लेअर किती तास चालला आणि किती वेळ विझला, याची नोंद दर महिन्याला ग्रामपंचायतीत लावावी. उजेडाचा त्रास असेल तर जाळाभोवती आडोसा असलेला बंदिस्त फ्लेअर मागावा, तोही मिळतो.

हे मागण्याचा हक्क आपल्याला आहे. भोपाळनंतर १९८९ साली घातक रसायनांविषयी केंद्राचे नियम आले. मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्यांनी आसपासच्या लोकांना धोका काय आहे आणि त्या वेळी काय करावे, काय करू नये, हे आधी सांगितले पाहिजे, असे त्यांत आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रातील अटी मागून घ्या आणि वाचा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही लिहा. आरडाओरड्यापेक्षा तारीख-वेळ घालून केलेली तक्रार जास्त काम करते.

घरच्यांसाठी चार शब्द

रात्री सडक्या अंड्यांचा तीव्र वास आला तर ओढ्याकडे, खळग्याकडे जाऊ नका. वाऱ्याच्या दिशेला आडवे चाला आणि उंच जागेकडे जा. तोंडावरचा ओला रुमाल या वायूला अडवत नाही, त्याच्या भरवशावर आत शिरू नका. वास अचानक थांबला तर 'बरे झाले' म्हणू नका, आणखी लांब जा. गाडी सुरू करण्याच्या, विडी ओढण्याच्या भानगडीत पडू नका. मग ११२ किंवा १०८ ला फोन करा.

आणि गोबरगॅसच्या किंवा शेणस्लरीच्या खड्ड्यात, कितीही जिवाचा माणूस आत पडलेला असो, तसेच उतरू नका. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे चार जण असेच गेले. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी येथे पडक्या विहिरीत पडलेल्या मांजरासाठी एक उतरला, त्याच्यामागे दुसरा, आणि पाच जीव गेले. पहिल्याला खड्डा मारतो, बाकीच्यांना माया मारते. बाहेरून दोर टाका, माणसे बोलवा, श्वसनाची साधने असलेल्या अग्निशमन दलाची वाट पाहा.

आबांना मी हे सगळे त्या संध्याकाळी सांगितले. दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही निवेदन नव्याने लिहिले. ते दीड पान झाले. पहिली सही मी केली. आबा चष्मा पुसत म्हणाले, "डॉक्टर, हे खरं असंल, पण रात्री त्यो जाळ बघून भ्या वाटतंच की." मी म्हटले, "वाटू द्या, आबा. रोज झोपण्यापूर्वी एकदा बघत जा आणि वहीत लिहून ठेवा. पेटलाय की विझलाय, रंग कसा, धूर किती."

परवा आबा रक्तदाब तपासायला आले, तेव्हा वही घेऊनच आले होते. सात रात्रींच्या सात ओळी. पाचव्या ओळीत लिहिले होते, 'रात्री सव्वादोन ते तीन, जाळ दिसला नाही.' त्या नोंदीची एक प्रत निवेदनाला जोडली आहे.